ज्या फुलाला शेळ्या तोंड लावत नाहीत

एकाहत्तरच्या लढाईनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमची कंपनी काश्मिरात एका धारेवरच्या पोस्टवर होती. उंची अकरा हजार फूट. मी हवालदार, सेक्शन कमांडर, राहणारा धारवाडच्या सप्तापूरचा. सेक्शनमध्ये माझ्या मुलखातला एकच, लान्स नायक मारुती. हुबळीच्या दाजीबानपेठेत त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान. बाकीचे मला हवालदार म्हणत, हा अण्णा म्हणे. दोनदा दम दिला, तिसऱ्यांदा सोडून दिलं.

काम ठरलेलं. सकाळी साडेसातला गस्तीचं पेट्रोल निघायचं, पायवाटेनं नाल्यापर्यंत जायचं, दीडला परत. उजव्या उतारावर, दोनशे यार्ड वर, लढाईत पेरलेले सुरुंग. भोवती तारेचं कुंपण. ऑर्डर एकच : पायवाट सोडायची नाही. बर्फ वितळताना मातीबरोबर सुरुंगही खाली घसरतात, कुठं येऊन बसतील नेम नाही. कंपनी कमांडर हे रोज सांगायचे, आम्ही रोज ‘जी साब’ म्हणायचो.

जूनमध्ये त्या उतारावर फुलं आली. जांभळी, पाकळ्यांवर गडद ठिपके, पाती सरळ उभी. मला झाडांचं वेड. बायको म्हणायची, कुंड्यांकडं बघता तेवढं माझ्याकडं बघितलं असतं तर सोनं झालं असतं. माझी सुट्टी पंधरा दिवसांवर आली होती आणि हे फूल मला सप्तापूरच्या अंगणात पाहिजे होतं. आमचा पोर्टर म्हातारा काश्मिरी. तो म्हणाला, “साहब, ये हम कब्रों पर लगाते हैं। घर मत ले जाइए।” मारुती हसला. मी म्हटलं, म्हाताऱ्याला काय कळतंय!

आता माझा शहाणपणा ऐका. त्या उतारावर बकरवाल म्हणजे तिकडच्या धनगरांच्या शेळ्या रोज चरायच्या. तीन आठवड्यांत काही उडालं नव्हतं. मी डोकं चालवलं : शेळ्या फिरतात तिथं माणसाला कसला धोका?

मंगळवार होता. दहा वाजून वीस मिनिटं. पेट्रोल थांबवून मी त्या ताटव्याकडं बघत होतो.

“अण्णा, मी आणतो गड्डा. तुमचे गुडघे राहू देत.”

“जा. लवकर ये.”

एवढंच बोललो. तो वीस पावलं चढून गेला, फुलांत बसला आणि संगिनीनं माती उकरू लागला. गड्डा निघाला, आल्यासारखा, गाठीगाठींचा. त्यानं वर करून दाखवला. मग थांबला.

“अण्णा, खाली काहीतरी गोल लागलंय. हिरवं.”

माझी पाचावर धारण बसली. जे आधी बघायला हवं होतं ते तेव्हा दिसलं. सगळ्या उतारावर शेळ्यांच्या खुरांचे ठसे होते, त्या ताटव्यात एकही नव्हता. शेळ्या त्या पात्यांना तोंड लावत नाहीत, म्हणून आत शिरतच नाहीत. शेळ्यांवर भरवसा ठेवून मी माणूस पाठवला होता, तो नेमका शेळी न गेलेल्या जागी.

“हलू नको. आहेस तसा बस.”

वायरलेस मी स्वतः घेतला. “पोस्ट, चार बोलतोय. एक जवान सुरुंगाजवळ अडकलाय. सुरुंग काढायला सॅपर पाठवा. ओव्हर.”

“चार, सॅपर दोन तासांत. कुणी हलायचं नाही. ओव्हर.”

दोन तास! मारुतीच्या पोटऱ्या थरथरताना मला खालून दिसत होत्या. बाकीचे सातारा-कोल्हापूरकडचे. त्यांना कळू नये म्हणून मी कानडीत म्हणालो, “अंजब्याड, तम्मा.” भिऊ नकोस, भावा. तो म्हणाला, “हूं री,” हो म्हणून. मग जरा वेळानं मराठीत म्हणाला, “अण्णा, लई भ्या वाटतंय.” मला त्याच्याहून जास्त वाटत होतं.

अकरा वाजून पाच मिनिटांनी गारा सुरू झाल्या. उतारावरून चिखलाचं पाणी आलं.

“अण्णा, ते सरकतंय. माझ्या गुडघ्याकडं येतंय.”

पोस्टचा हुकूम होता थांबायचं. पण समोर मी होतो, ठरवायचं मला होतं. मी ओरडलो, “मागं ये! आपल्याच पावलांवर पाय ठेव!”

त्यानं आधी गड्डा माझ्याकडं फेकला. मी तो झेलला. मग तो उठला आणि वळला. पहिलं पाऊल बरोबर पडलं. दुसरं बरोबर पडलं. पुढचे ठसे गारांनी झाकून गेले होते.

अकरा वाजून अकरा मिनिटांनी स्फोट झाला. मी धावलो, आपण कुठं पाय टाकतोय हे न बघता. मला काही झालं नाही. तो माझ्या मांडीवर सहा मिनिटं होता.

चौकशीत मी सगळं खरं सांगितलं. शिक्षा झाली, भोगली. तिथं भीती वाटली नाही. भीती वाटली ती दाजीबानपेठेत, त्याच्या अप्पांच्या दुकानाची पायरी चढताना. अप्पांनी विचारलं, “वाट सोडून तो तिकडं कशाला गेला?” माझ्या हातात गड्डा होता. तोंडातून निघून गेलं, “तुमच्यासाठी फूल आणायला, अप्पा.”

अर्धा गड्डा आम्ही दोघांनी दुकानामागच्या परसात हळदीसारखा खोल पुरला. वर शेणखत, रोज पाणी. कुजला. सप्तापुरात माझ्या शेजारी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे सर राहत. ते म्हणाले, हे डोंगरातलं आयरिस, गड्ड्याची पाठ उन्हात उघडी ठेवा, पाणी अगदी बेतानं घाला. उरलेला तुकडा अप्पांच्या परसात कुंडीत तसा लावला आणि जगला. पाती आली. फूल येईना. सर म्हणाले, याला बर्फाची थंडी लागते, इथं कुठली मिळणार?

अप्पांनी ते मनावर घेतलं. दर डिसेंबरात सोडावाल्याकडून बर्फाची लादी आणायचे, स्वतः फोडायचे आणि कुंडीत पसरायचे. गिऱ्हाइकांना सांगायचे, “माझ्या पोरानं माझ्यासाठी काढलंय.” अशी आठ वर्षं गेली. दरवेळी मी शेजारी उभा, आणि वाटायचं, आज कुणीतरी विचारेल, खरं का हे?

नवव्या वर्षी त्यांच्या हाताला कंप सुटला होता. बर्फ फोडताना हातोडी बोटावर बसली, रक्त आलं. तरी ते खडे पसरतच राहिले. मला सोसवेना. मी म्हणालो, “अप्पा, ते त्यानं तुमच्यासाठी काढलं नव्हतं. मला पाहिजे होतं. मी पाठवलं त्याला.”

अप्पांनी बोटाचं रक्त धोतराला पुसलं. मग बर्फासकट कुंडी उचलून त्यांनी माझ्या हातात दिली.

“घेऊन जा. ज्याच्यासाठी काढलं त्याच्या घरी जाऊ दे.”

धारवाडच्या बसमध्ये कुंडी मांडीवर होती. वाटेतल्या नवलूरपर्यंत बर्फाचं पाणी होऊन माझी पँट भिजली होती. अप्पांनी मला पुन्हा दारात उभं केलं नाही.

कुंडी माझ्याकडे आहे. फूल अजून आलेलं नाही. लान्स नायक मारुती, वय चोवीस, राहणार हुबळी. पायवाट त्यानं आपणहून सोडली नव्हती, मी सोडायला लावली.