त्या निळ्या ट्रकपर्यंत

"मावशी, जरा धावून दाखवा."

गोदामाच्या गेटवर तो हे म्हणाला. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मागे कंटेनर रिव्हर्स घेत होता, त्याचा आवाज चालू होता. मी विचारलं, "काय?"

"धावून. त्या निळ्या ट्रकपर्यंत जायचं आणि परत यायचं. इथे काम फास्ट असतं. फिटनेस बघावा लागतो."

तो लेबर कॉन्ट्रॅक्टर. ज्या जमिनीवर गोदाम उभं आहे ती त्याच्या घरची, म्हणून माणसं घ्यायचं काम त्याच्याकडे. वय माझ्या मुलाएवढं. माझ्यापुढच्या पोरींची कार्डं त्यानं नुसती बघितली आणि त्यांना आत सोडलं. एकीलाही धावायला लावलं नाही. माझं आधार कार्ड हातात घेतलं, जन्मसालावर अंगठा ठेवला, माझ्या केसांकडे बघितलं. आणि मग हे.

मी धावले.

पदर कमरेला खोचला. चपला काढून हातात घेतल्या. खाली खडी होती. बावन्न वर्षांची बाई, भर दुपारी, ड्रायव्हर आणि वॉचमन लोकांच्या देखत. कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी ओरडलं, "चाची, और जोर से!" मी ट्रकला हात लावला आणि परत फिरले. छातीत भाता चालल्यासारखं होत होतं. आणि मी हसत होते. ते मला अजून टोचतं. त्याला वाईट दिसू नये म्हणून मी हसत होते.

त्यानं टाळ्या वाजवल्या. "एक नंबर, मावशी!" मग कार्ड परत दिलं. "आता घरी जा. नातवंडं सांभाळा. इथे पडलात बिडलात तर लफडं आमच्या गळ्यात."

म्हणजे घ्यायचं नव्हतंच. आधीपासून नव्हतं.

मी लग्न होऊन भिवंडीत आले तेव्हापासून काम करते. आधी लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या. कानात तो खडखडाट इतका बसला की घरातही आम्ही नवराबायको ओरडूनच बोलायचो. नवरा गेला, लूम बंद पडले, मग मी कशेळीच्या बाजूला गोदामात लागले. लोकांनी परत पाठवलेला माल उघडायचा, फुटलाय का, वापरलाय का बघायचं. नवीन पोरी आल्या की सुपरवायझर माझ्याकडेच पाठवायचा. "मावशींकडून शिका." एक दिवस ते गोदाम दुसरीकडे हललं. आम्हा मोठ्या बायकांना सांगितलं, "फोन करतो." फोन पोरींना गेले. त्यातलीच एक मला बाजारात भेटली. मान खाली घालून म्हणाली, "मावशी, मी तुमचं नाव सांगितलं होतं. ते म्हणाले, वय झालं त्यांचं."

वय झालं. जसं काही मी कुठला गुन्हाच केलाय.

धावले त्या दिवशी घरी काही बोलले नाही. पायाच्या तळव्याला खडी लागली होती, ती सुनेनं बघितली. मी म्हटलं, चप्पल तुटली. पण दोन-तीन दिवसांनी मुलगा टेम्पो लावून घरात आला आणि उभाच राहिला. हातात मोबाईल. ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता. त्यानं तो माझ्यासमोर धरला.

पडद्यावर एक जाडसर बाई धावत होती. हातात चपला. तोंड उघडं. वर कुणीतरी ढोलाचं गाणं चढवलं होतं.

मुलगा ओरडला नाही. हळू विचारलं, "आई, तू का धावलीस?"

सून आतून बाहेर आली आणि तिनं पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला.

त्यानंतर ती पडद्यावरची बाई मला सोडेना. नळावर हंडा भरायला लागला की पाण्याच्या आवाजात शिट्टी ऐकू यायची. रिक्षातून जाताना रस्त्याच्या कडेनं ती धावताना दिसायची, चपला हातात, हसत. मी तोंड फिरवायचे. केस काळे केले. टाळूची आग आग झाली. आरशात बघितलं तर काळ्या केसांखाली तीच. पाण्याखाली डोकं धरून घासत बसले, रंग गेला नाही. बाहेर कुणी कुणालाही 'मावशी' अशी हाक मारली की माझे पाय आपोआप ताठ व्हायचे. पळायला सांगतायत, असं वाटायचं.

तरी काम शोधायचं होतंच. नातीची शाळा, मुलाच्या टेम्पोचा हप्ता, हे माझं वय बघून थांबत नाही. मी दुसऱ्या गोदामाच्या गेटवर गेले. रांगेत माझ्यापुढे दिघाशी गावची एक बाई होती, मथुराबाई. माझ्याहून थोडी मोठी. कपाळावर गोंदलेलं. तीही गोदामात पॅकिंगचं काम केलेली. आमची नुकतीच ओळख झाली होती तेवढ्यात तो गेटवर आला. तोच. या गोदामाची माणसं घ्यायचं कामही त्याच्याकडेच होतं.

त्यानं मथुराबाईचं कार्ड बघितलं. मागे उभ्या असलेल्या माणसांकडे बघून डोळा मारला. "मावशी, धावून दाखवा जरा."

मथुराबाई गोंधळली. "धावू? काम होतंय माझ्यानं. धावाया न्हाय जमायचं, गुडगा दुखतो." पण बोलता बोलता ती खाली वाकली. चपला काढायला.

मी तिचा दंड धरला.

"नाही धावायचं," मी म्हटलं. आवाज मोठा निघाला, लूमच्या खडखडाटात निघायचा तसा. "या पोरींना पळवलंत का? मग हिला का?"

"अरे, तुम्ही! व्हिडिओवाल्या मावशी!" तो हसला. मागचेही हसले.

मी हसले नाही. "वय जास्त आहे म्हणून काम देत नाही, असं सरळ म्हणा. सगळ्यांसमोर म्हणा. आत्ता."

"कुठे असं म्हणालो मी?"

"तेच. म्हणत नाही तुम्ही. पळवता."

त्याचं हसू थांबलं. "चलो, दोघी बाजूला व्हा. लाइन आगे." पोरी आमच्याकडे न बघता पुढे सरकल्या. त्यांना मी दोष देत नाही. एकीनं जाताना माझ्या हाताला हात लावला, तेवढंच. काम मिळालं नाही. मला नाही, मथुराबाईला नाही. ती एसटीच्या स्टॉपवर बसून गुडघा चोळत म्हणाली, "तू बोललीस, पर रोजी गेली ना गं." मी हो म्हटलं. खोटं काय बोलायचं?

ती धावणारी बाई गेलेली नाही. अजून दिसते. मोबाईलमध्ये कुणाकुणाच्या ती आहे, देव जाणे.

पण मी जाते. एका गेटवरून दुसऱ्या गेटवर. केस आता पांढरेच ठेवलेत. कुणी विचारायच्या आधी वय सांगते, काय काम येतं ते सांगते. नको असेन तर नको म्हणा. पण कारण तोंडानं सांगा, न हसता, माझ्या डोळ्यात बघून. अजून एकानंही सांगितलेलं नाही. सांगेपर्यंत मी गेटवरून हलत नाही. वॉचमन हटवतो, मी पुन्हा उभी राहते.