डब्यातली नववी चिठ्ठी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, धुळ्यात देवपूरच्या खोलीतल्या मैत्रिणींनाही नाही. सांगायला तोंड उघडलं की मी भलतंच बोलायला लागते — परीक्षेचं, मेसच्या भाजीचं. आज लिहून पाहते. लिहूनही जमेल का, ठाऊक नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. धुळ्याला, व्यवस्थापनाच्या पदवीला. सुरुवातीला वर्गात माझा आवाजच फुटायचा नाही, म्हणून ग्रंथालयातून पुस्तकं आणायला लागले — संवाद कसा साधावा, नेतृत्व कसं करावं, नवं काही कसं घडवावं. एकेक दोनदा वाचायचे, वहीत उतरवून घ्यायचे. पुस्तकं वाईट होती असं मी म्हणणार नाही. दोष पुस्तकांवर ढकलायचा, तेवढी सोय मला नको.

गेल्या उन्हाळ्यात सुट्टीला गावी गेले. गाव पारोळ्याजवळ. आई ज्या बायकांच्या गटात आहे, तो गट उडदाचे पापड करतो. गटाची प्रमुख रुखमाअक्का, सत्तरी गाठलेली. तिला कुणी नेमलं नव्हतं. तिनं पीठ चाखल्याशिवाय कुणी लाटणं उचलायचं नाही, एवढंच. पापड जाड झाला की ती तो लाटणारीच्या मांडीवर फेकायची — "हाऊ पापड शे का भाकर?" सगळ्या हसायच्या, जिचा पापड तीही हसायची, आणि विषय तिथंच संपायचा.

मला ते मागासलेलं वाटलं. चारचौघांत चूक काढू नये, असं माझ्या वहीत होतं. आणि खरं सांगायचं तर — दुसरंही एक होतं. मी शेजवान मसाल्याचे पापड सुचवले होते, रंगीत पाकिटाचं चित्रही काढून नेलं होतं. अक्कानं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "आते पापडना पिझ्झा करशी का व पोरी?" बारा बायका पोट धरून हसल्या. आईसुद्धा. दोन मिनिटांत त्या विसरल्या. मी विसरले का? नाही.

मग मी सूचनापेटी आणली. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणाला फट. जिला जे म्हणायचं ते चिठ्ठीत, नाव न घालता. निम्म्या जणींना लिहिता येत नाही, शिवाय अक्षर ओळखू यायला नको — म्हणून सगळ्या चिठ्ठ्या मीच लिहायच्या असं ठरवलं. एकेक जण मागच्या खोलीत यायची, कानात सांगायची, मी लिहायचे. कोण काय बोललं ते फक्त मला माहीत. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. शिकलेली पोर, आपलीच.

आठ चिठ्ठ्या झाल्या. उन्हाला ताडपत्री हवी. चहा दोनदा हवा. एकीनं तर लिहायला लावलं की काहीही करा, पण माझ्या सासूला गटात घेऊ नका.

आणि मी — इथं हात थांबतोय — नववी मी माझ्या मनानं लिहिली.

अक्काचे हात कापायला लागले होते. गटात सगळ्यांना माहीत होतं. तिचा पापड एका बाजूला जाड राहायचा. शेजारी बसणारी मंगलाकाकू, अक्काची नजर वळली की तो पापड हळूच ओढून घ्यायची, पुन्हा लाटायची आणि अक्काच्याच ढिगात ठेवायची. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, कुणी त्यावर बोलतही नव्हतं. अक्काला वाटायचं, आपला हात अजून तसाच आहे. मी चिठ्ठीत तेच लिहिलं — की तुमचे पापड आम्हाला पुन्हा लाटावे लागतात, आता घरी आराम करा. 'आम्हाला' असं मुद्दाम लिहिलं.

शनिवारी डबा उघडला. वाचायचं कामही माझंच. आठ चिठ्ठ्या हसण्यात गेल्या. नववी मी कशी वाचली असेल? आवाज न चढवता, सावकाश, मध्येमध्ये प्रत्येकीकडे बघत. तसं वाचायला मी पुस्तकातूनच शिकले होते.

अक्कानं दोन्ही हात पदराखाली घेतले. मग ती मंगलाकाकूकडे बघत राहिली. इतक्या जवळून ते हात दुसरं कोण बघणार?

संध्याकाळी अक्का आमच्याकडे आली. "नाव नको सांगू. मंगलानी सांगं का, इतलंच सांग."

मंगलाकाकूनं सांगितलेलं नव्हतं. 'नाही' म्हणायचं होतं. एवढा एकच शब्द. मी म्हणाले — अक्का, नाव सांगायचं नाही असा नियम आहे. तिनं त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. ती घेतेय हे मला समोर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मंगलाकाकू आली, डोळे सुजलेले. "तू ते सांग तिले, मी नही सांगं! मना पोऱ्यानी आन. तूच लिखं ना व ते, तुले माहीत शे!" ती मुलाची शपथ घेत होती, आणि तिलाही मी नियमच सांगितला.

अक्का गटात परत आली नाही. तिच्या जागी कुणी बसत नाही. मंगलाकाकूनंही आपली जागा बदलली आहे.

दिवाळीआधी कॉलेजात स्पर्धा होती — छोट्या उद्योगातला संवाद. मी सूचनापेटीवर बोलले. परीक्षकांनी विचारलं, पेटीमुळे बदल काय झाला? मी म्हणाले, ज्यांचं काम मंदावलं होतं त्या सदस्य स्वतःहून बाजूला झाल्या. टाळ्या पडल्या. पहिला क्रमांक आला. आईनं ते प्रमाणपत्र गटात नेऊन सगळ्यांना दाखवलं.

आईला मान खाली घालावी लागेल म्हणून मी गप्प राहिले, असं बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे. 'शिकलेली पोर' म्हणून माझ्याकडे बघतात, ते मला सोडवत नव्हतं. अजूनही सोडवत नाही.

गेल्या महिन्यात मंगलाकाकूच्या मुलाचं लग्न ठरलं. ती अक्काच्या दारात पत्रिका घेऊन उभी होती. सुट्टीला आलेली मी समोर आमच्या ओट्यावर होते. अक्का आत होती, भांड्यांचा आवाज येत होता, पण बाहेर आली नाही. मंगलाकाकूनं दोनदा हाक मारली. मग पत्रिका उंबऱ्यावर ठेवली, वर थोड्या अक्षता ठेवल्या, आणि तरी ती तिथंच उभी राहिली.

गल्ली ओलांडायला दहा पावलं लागतात. धुळ्याच्या गाडीची वेळ झाली, असं मी आईला ओरडून सांगितलं आणि बॅग उचलून स्टँडवर गेले. गाडीला अजून तासभर अवकाश होता.