डाव्या हाताचे सतरा चेंडू

मी नेमकं काय काम करते हे घरी समजावून सांगायला मला सहा महिने लागले, आणि तरी ते नीट सांगता आलं असं वाटत नाही. मीरा रोडच्या हाटकेशला एका गाळ्यात खाली स्टीलचे डबे बनतात, वर आमचं ऑफिस आहे. सकाळी सहाला आम्ही बाराजण आपापल्या पडद्यासमोर बसतो. अमेरिकेत तेव्हा संध्याकाळ असते आणि बेसबॉलचे सामने चालू असतात. तिथला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जो जो चेंडू टाकेल त्याची आम्ही नोंद करायची. कोणत्या हाताने टाकला, कसा वळला, समोरच्या बॅटरने काय केलं. प्रत्येकाच्या कानाला हेडफोन. कारखान्याची यंत्रं सुरू झाली की टेबल थरथरतं, तेवढीच काय ती सोबत.

मी जवळच गोडदेवला एका खोलीत भाड्याने राहते. घरमालकीण काकी इथल्याच, जुन्या मिठागरवाल्या घरातल्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्या कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघतच राहिल्या.

"मॅच बघाचा पगार देतान? आमचा सासरा आक्खा जलम मिठागरान रापला, त्याला असला काम कोनी सांगला न्हाय!"

त्या हसल्या, मीही हसले. त्या दिवसातलं माझं बोलणं तेवढंच. दुकानात हिंदी, रिक्षात हिंदी, ऑफिसात मान हलवून भागतं. रविवारी संध्याकाळपर्यंत माझा आवाज घोगरा झालेला असे, न वापरल्यामुळे.

तक्रार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आप्पा, माझे वडील, तालुक्याच्या धान्याच्या मोंढ्यात हमाली करतात. सहा महिन्यांचा परीक्षेचा काळ संपला की मला कायम केल्याचं पत्र मिळणार होतं, आणि ते आप्पांना हवं होतं. "फोटो पाठीव माय. पोतं उतरवून आधी मुकादमाला दाखिवतो," असं ते दर फोनला म्हणत. शेवटचा आठवडा उरला होता. माझ्या नोंदींत फारशा चुका नव्हत्या.

त्या मंगळवारी माझ्या वाट्याला आलेल्या सामन्यात एक नवा पिचर उतरला. खेळाडूंच्या यादीत त्याच्या नावापुढे 'उजवा' असं होतं. पहिल्या बॅटरला त्याने उजव्या हाताने टाकलं. दुसऱ्या बॅटरच्या वेळी डाव्याने. मी 'डावा' दाबलं. पडद्यावर लाल पट्टी आली: यादीशी जुळत नाही.

ही पट्टी माझ्या ओळखीची होती. सुरुवातीला मी ग्लोव्हचा हात आणि चेंडूचा हात यांत गोंधळायचे, तेव्हा ती यायची, आणि दर वेळी चूक माझीच निघायची. म्हणून मी चित्र मागे नेऊन पुन्हा पाहिलं. डावाच. तिसऱ्यांदा पाहिलं. कधी कधी चित्र उलटं येतं, आरशातल्यासारखं, असं कुणीतरी म्हणालेलं आठवलं. तसं असतं तर त्याच्या पाठीवरची अक्षरंही उलटी दिसली असती. ती सरळ होती. तीही मी पाहिली, आणि तरीसुद्धा 'उजवा' दाबलं. पट्टी गेली. सामना संपेपर्यंत मी असं सतरा वेळा केलं.

आमचे टीम लीड माझ्यापासून सहा पावलांवर बसतात. उठून विचारता आलं असतं. पण आमच्या शाळेत जो विचारी त्याचं लक्ष नव्हतं असं धरत. पहिलीत मी डाव्या हाताने लिहायचे. बाईंनी मला मारलं नाही, ओरडल्या नाहीत. त्यांनी माझ्या डाव्या मुठीत एक चिंचोका ठेवला. लिहून होईपर्यंत मूठ उघडायची नाही आणि तास संपला की चिंचोका परत द्यायचा. तो माझ्या हातात ऊन झालेला असे. वर्षभरात माझं उजव्या हाताचं अक्षर वर्गात सगळ्यांत चांगलं झालं. पुढे त्याच अक्षरावर मी शिकले, म्हणून त्या बाईंना मी अजून मनातल्या मनात नमस्कार करते. पण डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा कुणीतरी लिहून ठेवलेलं जास्त खरं, ही सवयही मला तिथेच लागली असावी.

बुधवारी तो सामना तपासणीतून परत आला. टीम लीडनी मला खुर्ची ओढून बसायला सांगितलं. ते दादरचे, लग्नानंतर मीरा रोडला आलेले. आवाज चढवत नाहीत.

"अगं, हा दोन्ही हातांनी टाकतो. असे हजारात एक असतात, पण असतात. तुला दिसलं नाही?"

"दिसलं सर."

"दिसलं? मग?"

"मला वाटलं, माझंच चुकत असेल."

"सतरा वेळा?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "दिसलं नसतं तर मी सांभाळून घेतलं असतं गं. दिसून खोटं लिहिलंस, त्याचं मी वर काय सांगू?"

दुपारी बाकीचे गेल्यावर मी टीम लीडकडे तो सामना पुन्हा पाहायची परवानगी मागितली. आता मी त्याच्याकडेच बघत होते. डावखुऱ्या बॅटरला डाव्या हाताचा चेंडू खेळायला अवघड जातो, उजव्याला उजव्याचा, म्हणून हा माणूस समोरचा बघून हात बदलत होता. त्याच्या ग्लोव्हला दोन अंगठे होते, दोन्हीकडून घालता यावा म्हणून. प्रत्येक बॅटरसमोर त्याला आधी दाखवावं लागे की आता कोणता हात, आणि एकदा दाखवलं की त्या बॅटरपुरतं बदलायचं नाही. उतरण्याआधी बाकीचे पिचर एका हाताने सराव उरकून बसत. हा एक हात संपवून दुसरा सुरू करी. त्याच्यासारखं संघात दुसरं कुणी नव्हतं. डाव्या हाताचं काही बिनसलं तर ते तो कुणाला विचारत असेल, कोण जाणे. मी सतरा चेंडूंपुढे 'डावा' लिहिलं. दर वेळी लाल पट्टी आली आणि दर वेळी मी ती तशीच राहू दिली.

निघताना मी टीम लीडना म्हणाले, "सर, यादीत त्याच्यापुढे दोन्ही लिहिता येईल का?" सहा महिन्यांत मी आपण होऊन विचारलेला हा पहिला प्रश्न. त्यांनी करून पाहिलं. रकाना उजवा किंवा डावा यांतलं एकच घेत होता.

"नाही घेत बघ. तो आला की सामना तुलाच देत जाईन. तू लक्षात ठेव."

शनिवारी पत्र मिळालं, पण कायम केल्याचं नव्हतं. परीक्षेचा काळ तीन महिन्यांनी वाढवला होता. खोलीवर येऊन मी आप्पांना फोन लावला आणि काही न लपवता सांगितलं. मागे मोंढ्यातल्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"काढलं तर नाही ना?"

"नाही. अजून तीन महिने बघणार आहेत."

"बघू दे की मंग. मुकादमाला काय, पुढल्या बारीला दाखवू." मग म्हणाले, "दोन्ही हातांनी टाकतो म्हंतीस?"

"हो."

"मंग जेवतो कोण्या हातानं?"

कितीतरी दिवसांनी मला मोठ्याने हसू आलं. "माहीत नाही आप्पा. तेवढं दाखवत नाहीत."

"इचार की कुणाला तरी."

"कुणाला विचारू? इथे माझं कुणी नाही."

हे वाक्य मी त्यांच्यापुढे कधी बोलणार नव्हते. पलीकडे पुन्हा हॉर्नच तेवढे ऐकू आले.

"मला इचारत जाय," आप्पा म्हणाले. "कळंल न कळंल, इचारत जाय."

मी बरं म्हणाले. मग त्यांनी पहिल्यापासून सांग म्हटलं, आणि मी पिचर म्हणजे कोण इथून सुरुवात केली.