गीताबाईनं कॅप्सूल घेतली नाही

आता हसू येते, पण आधी मले वाटलं का आमची शेजारीण गीताबाई गोळ्याइले भेते! बाईनं साऱ्या कॅप्सूल उशीखाली लपवल्या होत्या. निमोनिया वाढला. चिखलीच्या दवाखान्यात तिची छाती घरघर करून राह्यली होती, तरी तोंड घट्ट मिटलेलं.

"कॅप्सूलचं वरचं टोपण जनावराच्या हाडाचं असते. मी महानुभाव पंथाचा उपदेश घेतेल हाय, आमाले मांस-हाड चालत नाही," म्हने गीताबाई.

तिचा पोरगा शिवम रडकुंडीले आला. मले बाजूले घेऊन म्हने, "मावशी, तुम्ही सांगा, हे शाकाहारी हाय म्हनून. तुमचं ऐकते माय."

मी कॅप्सूल घेऊन गेली. गीताबाईनं माहा हात धरला. "तू सांगशीन ते खरं मानीन वं."

घ्या! आता कशी बोलू खोटं? तिचे ओठ निळे पडून राह्यले होते. मी धावतच डॉक्टरकडं गेली अन् खरं कारण सांगतलं.

"आधी सांगायचं ना! इंजेक्शन आहे. त्यात जनावराचं काही नाही."

ताप उतरल्यावर शिवम कुरकुरला, "एवढुशा टोपनानं काय धर्म बुडते, माय?"

गीताबाईनं एका कॅप्सूलचं रिकामं टोपण त्याच्या हातात ठेवलं. "मंग हे हाडाचं टोपण नुसतं चावून दाखव."

शिवमनं ते उलटसुलट पाह्यलं अन् गुपचूप खिशात टाकलं.

"बोल ना आता!" म्हने गीताबाई.