पालथी घागर

साळूबाईने समुद्र कधी पाहिला नाही, तरी जन्मभर ती त्याच्या धाकात राहिली.

माहेर पोलादपूरकडच्या कापडे गावचं. तिथे भांडी घासली की पालथी घालतात, पाणी निथळून जातं. लग्न होऊन ती सावित्रीकाठी तुडीलला आली, तेव्हाही हात तसेच चालायचे. नवरा महिपती मालवाहू मचव्याचा तांडेल, गड्यांचा म्होरक्या. महाडचा तांदूळ खाडीने बाणकोटला न्यायचा, येताना मीठ नि सुकट आणायचा.

एके दिवशी तो दुपारच्या भरतीबरोबर वर येणार होता. साळूबाईने घागर घासली आणि दारातल्या दगडावर पालथी ठेवली. सासू ठमाबाई गोठ्यातून बाहेर आली, ती जागीच थबकली.

"अगो ए! काय केलंस? माणूस पान्यावर हाय आपला, नि तू घागर पालथी घालतेस?"

साळूबाईने धावत जाऊन घागर सरळ केली, काठोकाठ भरली. ओंजळभर पाणी लुगड्यावर सांडलं.

भरती आली. खाडी फुगली, काठाच्या चिखलावर चढली, थोडा वेळ थांबली आणि ओसरू लागली. मचवा आला नाही. त्याच पाण्यावर कोंडाजीचा मचवा मात्र आला.

"महिपती?" ठमाबाईने विचारलं.

"आला नाय अजून?" कोंडाजीने मागे वळून पाहिलं. "आंबेतच्या बंदराला तर तो माज्या फुडं व्हता."

पुढे असलेला माणूस मागे कसा राहील? सासू शिव्या देईल, कानाखाली मारेल, असं साळूबाईला वाटत होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ठमाबाई नुसती पाण्याकडे पाहत राहिली. दोघी काठावर उभ्या राहिल्या. पाणी उतरत गेलं, चिखल उघडा पडला, आणि पाण्यावरचा प्रत्येक ओंडका साळूबाईला उलटलेल्या मचव्यासारखा दिसू लागला.

दिवेलागणीला बांधावरून कोणी चालत येताना दिसलं. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर धोतर. महिपती होता.

"कोंडाजीच्या आधी पोचाया मचवा आतल्या फाट्यानं घातला, तर रुतला वाळूत," तो ओशाळून हसला. "गडी मचव्यावर बसवून आलो. म्हटलं, ही घाबरंल."

ठमाबाईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, मग सुनेकडे पाहिलं. "येळेवर सरळ केलीस गो. म्हणून नुसता रुतला."

या वाक्याने साळूबाईची झोप कायमची उडवली. म्हणजे सगळं आपल्याच हातात होतं!

पुढे माल लॉरीने जाऊ लागला, महिपतीने मचवा विकला. ती जरा श्वास घेते न घेते, तोच मुलगा येसाजी मुंबईला जाऊन मोठ्या जहाजावर खलाशी झाला.

त्या वर्षी ती माहेरी गेली. भावजय राहीबाईने भांडी घासून पडवीत पालथी मांडली होती. साळूबाई एकेक उचलून सरळ करू लागली.

"वन्सं, येसाजी कुठल्या कुठं, आमच्या हंड्याचं त्याला काय?" राहीबाई हसली. "भांडी निथळायची कशी?"

"हितलं पानी तिकडंच जातं ना गो," साळूबाई म्हणाली.

राहीबाईचं हसू मावळलं. तिचाही धाकटा, सयाजी, येसाजीच्या मागे लागून जहाजावर चढायला नुकताच मुंबईला गेला होता. चुलीपाशी एक लोटी पालथी राहिली होती, तेवढी तिने स्वतः जाऊन सरळ केली.