खोट्या खबरेवरचा छापा

ती दुपार आठवली की मी आजही विचारात पडतो. भडगावच्या ठाण्यात निनावी फोन आला. विहिरींवरून चोरीला गेलेली तांब्याची तार गावठाणातल्या एका पिंजाऱ्याच्या घरात, धान्याच्या कोठीमागे लपवली आहे, असं कळलं. इतकी नेमकी खबर आली की आमचे पाय आपोआप वळतात.

दोन पंच घेऊन गेलो. घर जुनं, धाब्याचं, छतावर मातीचा जाड थर. कापूस पिंजणारे चाचा आणि पाळण्यातल्या तान्ह्या पोरीला उचलून घेतलेली त्यांची सून, दोघांना गल्लीत उभं केलं. कोठीमागे तारेचं पोतं सापडलं. पंचनामा उजेडात लिहावा म्हणून आम्हीही ते घेऊन बाहेर आलो. तेवढ्यात आतली तुळई मोडली आणि अख्खं छत रिकाम्या पाळण्यावर कोसळलं.

पोर थोडक्यात वाचली होती. पण मुद्देमाल सापडला होता. चाचांना ठाण्यात आणलं.

"साहेब, ते पोतं आमचं नाही," एवढंच ते सांगत राहिले. असं सगळेच सांगतात. तरी मी पोतं निरखून पाहिलं. पिंजाऱ्याच्या घरात वस्तू एक दिवस पडून राहिली तरी तिच्यावर कापूस बसतो. चाचांच्या भुवयांवरही होता. पोत्यावर कोसळलेल्या छताची धूळ होती, कापसाचा तंतूही नव्हता. म्हणजे ते नुकतंच ठेवलेलं. सकाळी घरात कोण आलं होतं? शेजारी, जुनी गादी द्यायला. ओट्याच्या जागेवरून त्याचं चाचांशी वैर होतं.

शेजाऱ्यानं अर्ध्या तासात कबुली दिली. फोन त्याचाच. तारही त्याच्याच विहिरीवरची निघाली. वर मलाच विचारतो, "साहेब, बठ्ठा वाचनात ते मन्हामुळेच ना?"

सगळे वाचले ते आपल्यामुळेच, असं त्याचं म्हणणं. तोवर मीही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होतो. तक्रार द्यायची का, असं चाचांना विचारलं, तेव्हा ते काय म्हणतात याची मला फार उत्सुकता होती.

"लिहा साहेब," चाचा म्हणाले. "यानं मला आत टाकायचं ठरवलं होतं, ते लिहा. पोरीला अल्लानं वाचवलं. त्यात याचा हात नाही, तुमचाही नाही."

मी गुन्हा नोंदवला. घडलेल्या चांगल्यानं केलेलं वाईट पुसलं जात नाही, हे चाचांकडून शिकलो. पण पोर वाचवण्याच्या त्या कामाला एका खोटारड्याचा फोन आणि माझी घाईच का लागली, हे मला अजून उमगलेलं नाही. तुमचा सर्वांत यशस्वी छापा कोणता, असं लोक विचारतात. मी हाच सांगतो. खबर खोटी होती, संशयित निर्दोष होता, आणि ती पोर आता शाळेत जाते.