कडी लावून की काढून

धाकटी बहीण स्वतः गाणी लिहिते, स्वतःच चाल लावते आणि गिटारवर एकटी गाते. पहिल्या अल्बममधलं एकच गाणं बाकी होतं. ते दोन वर्षं बाकी होतं. ती लिहिलेली ओळ बदलते आणि बदललेली ओळ पुन्हा बदलते. मी वर्तमानपत्रात काम करतो. आमच्याकडे पान छपाईला सोडायची वेळ ठरलेली असते.

हे गाणं आमच्या गावी, डोंगरकड्याला, मारुतीच्या मंदिरात, महिला भजनी मंडळाच्या साथीनं रेकॉर्ड करायचं हे तिनंच ठरवलं. अल्बमची तारीखही जाहीर करून टाकली. नांदेडहून रेकॉर्डिंगवाला आला. दुपारी त्याला एका लग्नाच्या शूटिंगला जायचं होतं आणि पुढे महिनाभर तो मोकळा नव्हता. म्हणजे गाणं त्या सकाळी झालं तरच अल्बमात येणार होतं. मी घंटेच्या लोलकाला फडकं बांधलं आणि दाराशी उभा राहिलो.

भजनात पुढच्या बाईनं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची, अशी पद्धत. बहिणीनं टाकली:

‘कडी लावून गेलं कोण, घर बाहेर राहिलं.’

बायकांनी ती अशी उचलली की मंदिर भरून गेलं. गाणं शेवटपर्यंत एका दमात झालं. रेकॉर्डिंगवाल्यानं अंगठा दाखवला.

“हे पुसून टाका,” बहीण म्हणाली. “राहिलं तर मी ह्याच्यावरच अडकून बसेन.”

“नक्की, ताई?”

“नक्की.”

त्यानं पुसलं. तिनं पुन्हा सुरुवात केली, ‘कडी काढून गेलं कोण...’

बायका ‘कडी लावून’च म्हणाल्या.

“मावशी, आता ‘काढून’ आहे.”

“काहून?” मंडळाच्या प्रमुख मावशींनी टाळ मांडीवर ठेवले. “कडी काढून कोण जातं, माय? चोर?”

सगळ्या हसल्या. बहीण हसली नाही. जाणाऱ्यानं दार उघडं टाकलं, म्हणून घरही त्याच्यामागं बाहेर आलं, असं तिनं समजावलं.

“मंग तसं आधी सांगायचं व्हतं. आता तोंडात बसलं की ते.”

तिसऱ्या वेळी ‘कडी विसरून’ आलं. पहिली ओळच चांगली होती, असं मी दारातून म्हणालो.

“दादा, ही बातमी नाही.”

हे वाक्य मी दोन वर्षं ऐकतो आहे.

“पोरी, एका बोलावर ऱ्हा बरं,” मागची एक बाई म्हणाली. “आमी बराबर म्हणून राहिलो, तूच बदलून राहिली. घरी सोयाबीन वाळू घातलंय म्या.”

रेकॉर्डिंगवाल्यानं घड्याळ पाहिलं. आता शेवटचंच, म्हणाला.

बहिणीनं डोळे मिटले आणि ‘काढून’ गायलं. बायकांनी ‘लावून’ म्हटलं. पुढच्या कडव्यालाही तेच झालं, त्याच्या पुढच्यालाही. दोन्हीकडून कोणी मागं हटलं नाही आणि कोणी थांबलंही नाही. संपल्यावर ती “पुन्हा एकदा” म्हणाली, तेव्हा त्यानं माइक काढून वायर गुंडाळायला घेतली होती.

अल्बम ठरल्या दिवशी आला. त्यात ती दर वेळी कडी काढते आणि बायका लगेच लावतात. ऐकणाऱ्यांना हा सवाल-जवाब आवडला. तो मुद्दाम रचलाय असं त्यांना वाटतं. बहीण प्रत्येकाला सविस्तर उत्तर लिहिते: तो रचलेला नाही, आणि खरा शब्द ‘सोडून’ असायला हवा होता.